नर्सबाईंच्या शिडीची मधली पायरी

वाचकहो, एरवी या पानावर मी तुमच्याशी बोंडअळी, ठिबक आणि माती परीक्षण याविषयी बोलतो. आजचा विषय दवाखान्यातला आहे. कृषी खात्याच्या माणसाने नर्सबाईंच्या शिक्षणात कशाला नाक खुपसायचे, असे कुणी विचारेल. त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. मी डिप्लोमावाला आहे. कमी शिकलेला पण जास्त फिरलेला माणूस वरच्या पायरीवर कसा जातो, आणि बहुतेक वेळा का जात नाही, हे मला पुस्तकात वाचावे लागलेले नाही. दुसरे कारण असे की, गेल्या दिवाळीत आमच्या पडवीत दोन बायका बोलत बसल्या होत्या. त्यांचे बोलणे ऐकल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

त्यातली एक माझी आतेबहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. नवऱ्याच्या नोकरीपायी ती बारा वर्षांपूर्वी इंग्लंडला गेली. दुसऱ्या माझ्या वहिनी. शेजारच्या गावच्या उपकेंद्रात त्या चौदा वर्षे एएनएम आहेत. लाडू वळता वळता ताई म्हणाली, "वहिनी, पुढच्या दिवाळीपर्यंत मी पूर्ण नर्स होणार बघा. रजिस्टर्ड. तेही पगार चालू ठेवून."

वहिनींचा हात थांबला. "वन्सं, तुम्हीही खालूनच चढलात ना? मग तुम्हाला पहिल्यापासून शिकायला नाही लावलं?"

"नाही. आधी शिकले होते ते मोजलं की त्यांनी."

"मोजलं?" एवढेच वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा लाडू वळायला लागल्या. त्या एका शब्दासाठी मी आज लिहायला बसलो आहे.

तिकडची शिडी

आधी ताईची गोष्ट नीट समजून घेऊ. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यात सर्वांत खाली असतात हेल्थकेअर असिस्टंट. रुग्णाला भरवणे, अंग पुसणे, कूस बदलणे, ताप-नाडी-रक्तदाब बघणे ही त्यांची कामे. वर असते पदवी घेतलेली, नोंदणीकृत परिचारिका. मध्ये मोकळी जागा होती. असिस्टंट म्हणून वीस वर्षे काढलेली बाई वीस वर्षांनीही असिस्टंटच राहायची.

२०१३ साली स्टॅफर्ड इथल्या रुग्णालयातल्या हेळसांडीवर मोठा चौकशी अहवाल आला. रुग्णांना वेळेवर पाणी मिळत नव्हते इथपर्यंत प्रकार गेला होता. त्याच वर्षी कॅमिला कॅव्हेंडिश यांच्या अहवालाने सांगितले की, या मदतनिसांचे प्रशिक्षण धड नाही आणि त्यांना नर्स होण्यासाठी वाट हवी. २०१५ च्या शेवटी सरकारने मधल्या पदाची घोषणा केली. त्याचे नाव नर्सिंग असोसिएट. २०१७ साली पहिल्या तुकड्या शिकू लागल्या आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलने त्यांच्यासाठी नोंदणी खुली केली.

या असोसिएटचे शिक्षण दोन वर्षांचे, काम करता करता होते. ती औषध देते, जखमेची पट्टी करते, रुग्णाची प्रकृती बिघडते आहे का यावर लक्ष ठेवते आणि लगेच नर्सला सांगते. पण रुग्ण आल्यावर त्याची गरज जोखणे, काळजीचा आराखडा आखणे, त्यात बदल करणे आणि पाळीची जबाबदारी घेणे हे नोंदणीकृत नर्सचे काम. थोडक्यात, असोसिएट काळजी देते आणि लक्ष ठेवते. नर्स जोखते, आखते आणि जबाबदारी घेते. पगाराची पायरीही त्याप्रमाणे वेगळी. तिकडच्या वेतनश्रेणीत एक चौथ्या बँडला, दुसरी पाचव्या.

आणखी एक गोष्ट. असोसिएटला सर्व प्रकारच्या रुग्णांची तोंडओळख करून देतात. नर्स व्हायचे तर चारपैकी एक शाखा निवडावी लागते : प्रौढ रुग्ण, लहान मुले, मानसिक आजार किंवा बौद्धिक अक्षमता. ताईने प्रौढ रुग्णांची शाखा घेतली. म्हणजे हृदयाचा झटका, मधुमेहाने सडत चाललेला पाय, म्हातारपणी मोडलेला खुबा, ऑपरेशननंतरचे दिवस. आपल्या घराघरात जी दुखणी आहेत, तीच.

तासांचा हिशोब

आता वहिनी ज्या शब्दापाशी अडल्या, तिकडे वळू. तिथे नोंदणीकृत नर्स व्हायला एकूण ४,६०० तासांचे शिक्षण लागते. निम्मे वर्गात, निम्मे रुग्णांजवळ. नर्सिंग असोसिएटने तिच्या अभ्यासक्रमात २,३०० तास भरलेले असतात. ती पुढे शिकायला आली की विद्यापीठ तिचा अभ्यास नर्सच्या अभ्यासक्रमाशी ओळीने ताडून बघते. जेवढे जुळेल तेवढे जमा धरते. ही जमा जास्तीत जास्त निम्म्यापर्यंत जाते. उरलेले शिक्षण साधारण दीड ते दोन वर्षांत होते.

वाचकहो, यात कुठेही सूट नाही, हे लक्षात घ्या. ४,६०० तास सगळ्यांनाच भरावे लागतात. फक्त एकदा भरलेले तास पुन्हा भरायला लावत नाहीत. परीक्षाही सोपी केलेली नाही. औषधाच्या मात्रेच्या गणिताची एक परीक्षा असते, तिच्यात शंभरपैकी शंभरच मिळवावे लागतात. नव्व्याण्णव म्हणजे नापास. ताई म्हणाली, "दादा, त्या पेपराच्या आदल्या रात्री झोप नव्हती मला." मला ते पटले. पंधरा लिटरच्या पंपात किती मिली औषध टाकायचे हे चुकले तर पीक करपते. इथे तर माणूस आहे.

आम्ही शेतकी शिकलेली माणसे हे चटकन समजू. आंब्याचे कलम करताना आपण जमिनीत मुरलेला खुंट घेतो, त्याच्यावर चांगल्या जातीची काडी बांधतो. मुळे तयार असतात, म्हणून झाड जोर धरते. उपटून टाक तो खुंट आणि पुन्हा कोय पुर, असे आपण कुणाला सांगतो का? शिक्षणात मात्र सर्रास सांगतो.

पगारही चालू

दुसरी अडचण पैशाची. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०१७ पासून नर्सिंगच्या नव्या विद्यार्थ्यांचे जुने विद्यावेतन बंद झाले. वर्षाला नऊ हजार पौंडांहून जास्त फी आणि त्यासाठी कर्ज, असा मामला झाला. अठरा वर्षांच्या पोरीला ते जमेल. चाळिशीतल्या, दोन लेकरांच्या आईला नोकरी सोडून कसे जमणार?

त्यावर तोडगा निघाला तो ॲप्रेंटिसशिपचा. ज्यांचे वर्षाचे पगारबिल तीस लाख पौंडांच्या वर आहे, अशा मालकांना एप्रिल २०१७ पासून पगारबिलाच्या अर्ध्या टक्क्याएवढी रक्कम प्रशिक्षण निधीत भरावी लागते. मोठी सरकारी रुग्णालये त्यात आलीच. त्या निधीतून फी भागते, आणि बाई नोकरीत असल्याने पगार मिळत राहतो. ताईने एक पैसा कर्ज काढले नाही.

हे ऐकून आपल्याला नवल वाटायला नको. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी "कमवा आणि शिका" हा मंत्र याच मातीत दिला. त्यांनी तो खेड्यातल्या गरीब मुलांसाठी दिला. नोकरीतल्या बाईपर्यंत तो न्यायचे काम आपले राहिले आहे.

सगळे काही गोड नाही

इंग्लंडचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. ताईने दुसरी बाजूही सांगितली. नियम असा की, नर्सचे शिक्षण घेणारी बाई वॉर्डात शिकायला आली की तिला मनुष्यबळाच्या गणतीत धरायचे नाही. ती जादा. पण पाळीला दोन जणी आल्या नाहीत की कुणीतरी म्हणतेच, "आज जरा हात लाव, शिकणं उद्या." उद्याचे काय होते ते तुम्हा-आम्हाला माहीत आहे.

याचे मूळ पैशातच आहे. त्या निधीतून फी देता येते, पण शिकायला गेलेल्या बाईच्या जागी जी बदली आणायची तिचा पगार देता येत नाही. तो रुग्णालयाने आपल्या खिशातून काढायचा. २०१८ साली तिथल्या संसदेच्या शिक्षण समितीने नर्सिंगच्या या योजनेवर अहवाल दिला, त्यातही याच अडचणीवर बोट ठेवले होते. म्हणजे शिडी बांधली, पण चढणाऱ्याची शेतातली पाळी कोण धरणार हे ठरवले नाही, असा प्रकार.

त्याहून मोठा धोका जुना आहे. १९४३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये दोन वर्षे शिकलेल्या दुय्यम नर्सची वेगळी यादी सुरू झाली. त्यांना पुढे एन्रोल्ड नर्स म्हणत. युद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून ज्या मुली नर्स व्हायला तिकडे गेल्या, त्यांतल्या अनेकींना या दोन वर्षांच्या वर्गात घातले गेले. दोन्हींतला फरक कित्येकींना कुणी समजावून सांगितलाच नाही. वर्षानुवर्षे त्या खालच्याच पायरीवर राबल्या. मायदेशी परत जावे तर त्या कागदाला तिथे किंमत नव्हती. शेवटी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते प्रशिक्षण गुंडाळायला घेतले आणि असलेल्यांसाठी पूर्ण नर्स होण्याचे वर्ग काढावे लागले.

म्हणून मधली पायरी चांगली की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. तिच्यावरून वर जाता येत असेल तर ती पायरी. जाता येत नसेल तर ते तळघर.

आणि वर जाणे हे काही फक्त त्या बाईच्या मानपानासाठी नाही. २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतली ३०० रुग्णालये आणि ऑपरेशन झालेले चार लाखांहून अधिक रुग्ण बघितले. एका नर्सच्या वाट्याला एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याचा संभव ७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. पदवीधर नर्सचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले तिथे तो ७ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे स्वस्तात पडते म्हणून नर्सच्या जागी असोसिएट उभी करणे हे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. पण हाताशी असलेल्या असोसिएटला नर्सपर्यंत नेणे, यात सगळ्यांचेच भले आहे.

आपल्याकडची गहाळ पायरी

आता वहिनींकडे येतो. मैदानी भागात पाच हजार आणि आदिवासी-डोंगराळ भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असा आपला निकष आहे. त्या उपकेंद्राचा कणा म्हणजे एएनएम. गरोदर बायांची नोंद, लसीकरण, बाळंतपणानंतरच्या भेटी, गोळ्यांचे वाटप आणि रजिस्टरांचा ढीग. तुमच्या घरातल्या पोराची पहिली लस बहुधा अशाच एखाद्या बाईने टोचली आहे.

एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पूर्ण नर्स म्हणजे जीएनएम, त्याची तीन वर्षे. जीएनएम झालेल्या बाईला पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते. तिथे तिचे आधीचे शिक्षण धरले जाते. म्हणजे शिडीची वरची पायरी जागेवर आहे. खालची गहाळ आहे. एएनएमला जीएनएमसाठी अर्ज करता येतो, दार बंद नाही. पण आत गेले की पहिल्या वर्षाच्या पहिल्या धड्यापासून सुरुवात. सेवेतल्या बायकांसाठी कुठे थोड्या जागा ठेवल्या, तरी तीन वर्षे ती तीनच. आपल्याच राज्यात डिप्लोमा झालेला मुलगा इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षाला बसतो. यंत्राला हात लावलेल्याचे वर्ष वाचते आणि माणसाला हात लावलेल्या बाईचे वाचत नाही, हा कुठला न्याय?

सहा वर्षांपूर्वी वहिनींनी वर विचारले होते, मला जीएनएम करायचे आहे, काय करू? उत्तर मिळाले, "राजीनामा द्या, नाहीतर बिनपगारी रजेचा अर्ज करा. मंजूर होईलच असं नाही." घरात दादाची तीन एकर जिरायत, दोन मुले शाळेत. तीन वर्षे त्या पगाराविना घर कसे चालणार? वहिनींनी अर्जाचा कागद घडी करून रजिस्टरात ठेवला. तो अजून तिथेच आहे.

दरम्यान २०१८ नंतर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली. तिथे आयुर्वेदाची किंवा नर्सिंगची पदवी घेतलेले समुदाय आरोग्य अधिकारी आले. ते यायलाच हवे होते, गावाला त्यांचा उपयोग आहे. पण वहिनी हसत हसत एकदा म्हणाल्या, "नवे साहेब चांगले आहेत हो. गावातलं कोण कुठं राहतं ते मी दाखवते, सही ते करतात." त्या हसण्यामागचे मला चांगलेच कळले. नव्याने आलेल्या पदवीधराला कोणत्या शिवारात कसली माती आहे हे मीही दाखवत फिरलो आहे.

मग करायचे काय?

वहिनींचे चौदा वर्षांचे काम आहे तसे उचलून जीएनएमच्या खात्यात टाका, असे मी म्हणत नाही. उपकेंद्रातले काम वेगळे, वॉर्डातले वेगळे. ऑपरेशन झालेला रुग्ण, सलाईनवरचा म्हातारा, अतिदक्षता विभाग यांचा अनुभव त्यांना कमी आहे. तो घ्यावाच लागेल. पण बाळंतपण, लसीकरण, पोषण, सार्वजनिक आरोग्य हे त्या शिकल्याही आहेत आणि रोज करतही आहेत. इंग्लंडने केले तेच करा. ओळीने ताडून बघा. जुळेल ते जमा धरा, उरेल ते शिकवा आणि शेवटची परीक्षा सगळ्यांना एकच ठेवा. तीनाची दोन वर्षे झाली तरी केवढा फरक पडेल!

दुसरे, पगार चालू ठेवा. त्या बदल्यात शिकून झाल्यावर ठरावीक वर्षे जिल्ह्यातच सेवा देण्याचे बंधपत्र घ्या. अशी बाई शहरात पळून जाण्याची धास्ती कमी असते. तिचे घर, शेत, लेकरे इथेच असतात.

तिसरे, आणि इंग्लंडकडून चूक म्हणून शिकावे असे : शिकायला गेलेल्या बाईच्या जागी बदली कोण, हे आधी ठरवा आणि तिच्या पगाराची तरतूद त्याच योजनेत करा. नाहीतर उपकेंद्राला कुलूप लागेल आणि गावच म्हणेल, नको तुमचे शिक्षण.

चौथी गोष्ट भाषेची. एएनएमचा अभ्यास कित्येकींनी मराठीतून केलेला असतो. जीएनएम इंग्रजीतून. पंधरा वर्षांनी पुन्हा वही हातात घेणाऱ्या बाईला पहिले काही महिने इंग्रजीची आणि औषधाच्या गणिताची उजळणी द्यायलाच हवी. ताईलाही तिकडे नर्सिंगपेक्षा निबंध लिहिणेच जड गेले होते. वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी, सिव्हिल हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत भरले तर बाई आठवड्याला घरीही येऊ शकेल.

२०२३ साली देशाने नर्सिंगसाठी राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा केला. १९४७ चा जुना कायदा त्याने बाजूला सारायचा आहे. घडी नव्याने बसवायची असेल तर हाच मोका आहे. पण दिल्लीत बसलेल्यांना आपल्या उपकेंद्रातली बाई दिसत नाही. ती आपल्याला दिसते. म्हणून बोलायचेही आपणच. जिल्हा परिषदेच्या सदस्याला विचारा, आमदारांना विचारा. रस्त्याचा आणि डीपीचा अर्ज आपण देतो, तसा हाही एक द्या.

ताई दिवाळी करून परत गेली. जाताना तिने वहिनींना आपली औषधाच्या गणिताची जुनी वही दिली. वहिनी आता अडतीस वर्षांच्या आहेत. परवा मी सहज त्यांच्याकडे गेलो, तर स्वयंपाक आटोपून त्या ती वही उघडून बसल्या होत्या. मी म्हणालो, "वहिनी, अजून काही कुठं ठरलं नाही बरं का." त्या म्हणाल्या, "माहीत आहे भाऊजी. पण ठरलं तर मी तयार असायला नको?"

वाचकहो, पुढच्या वेळी लसीकरणाच्या दिवशी तुमच्या गावातल्या नर्सबाई भेटल्या की त्यांना एवढेच विचारा, "बाई, तुम्हाला पुढं शिकायचंय का?" काय उत्तर येते ते ऐका आणि मग अर्ज लिहायला बसा.